स्थावर म्हणतात तिला

माझ्या टेबलावर एक काळपट दगड आहे, तळहातात मावेल एवढा. चंद्रपूरकडच्या कोळसापट्ट्यातला. पाटीसारखा सपाट, आणि त्याच्यावर एक पान उमटलेलं. आंब्याच्या पानासारखं लांबट, मधोमध ठसठशीत शीर, आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक शिरांची जाळी. भिंग धरलं की त्या जाळीचं एकेक घर मोजता येतं. हे पान गळून चिखलात पडलं त्याला पंचवीस कोटींहून अधिक वर्षं झाली. तेव्हा पृथ्वीवर पक्षी नव्हते, फुलंही नव्हती. त्याचं नाव ग्लॉसोप्टेरिस. ग्रीक भाषेत ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ. आकार जिभेसारखा, म्हणून हे नाव पडलं. मला मात्र वाटतं, या दगडाला खरोखरच वाचा आहे.

कारण हेच पान दक्षिण आफ्रिकेत सापडतं, ऑस्ट्रेलियात सापडतं, दक्षिण अमेरिकेतही सापडतं. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार बर्फात गेले. काही महिन्यांनी शोधपथक पोचलं, तेव्हा तंबूत तीन देह होते आणि जवळच सुमारे सोळा किलो दगड. उपाशी, गारठलेल्या माणसांनी ते ओझं शेवटपर्यंत ओढत आणलं होतं. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पानं होती. हे वाचल्यापासून टेबलावरचा माझा दगड मी एका हातानं उचलत नाही.

या झाडाचं बी काही वाऱ्यावर महासागर ओलांडण्याइतकं हलकं नव्हतं. मग ते एवढ्या खंडांवर पोचलं कसं? झाड कुठे गेलंच नाही. त्याच्या मुळांखालची जमीन फाटली आणि चहूकडे पांगली.

आणखी एक साक्ष चंद्रपूरचीच. तिथला उन्हाळा विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दगडावर पाय ठरत नाही. त्याच मुलखात इरईजवळ चुनखडीचा कातळ आहे, घासूनपुसून गुळगुळीत झालेला, आणि त्याच्यावर एकाच दिशेनं गेलेले ओरखडे. हे काम हिमनदीचं. बर्फाच्या तळाशी अडकलेले दगड कातळावरून फरपटत गेले की असे चरे पडतात. भूशास्त्रज्ञ फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली या ओरखड्यांची नोंद केली. त्याआधी १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेरला बारीक गाळात मधेच रुतलेले मोठमोठे धोंडे पाहून भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांचे सहकारी चक्रावले होते. नदी गाळ आणि दगड निवडून वेगवेगळे टाकते. बर्फ निवडत बसत नाही, सगळं एकत्रच वाहून आणतो. पण या तापत्या देशात बर्फ कुठला? उत्तर एकच निघतं. तीस कोटी वर्षांपूर्वी हा देश इथे नव्हताच. तो दक्षिण ध्रुवाच्या शेजारी, अंटार्क्टिकाला खेटून होता.

त्या जुन्या, अखंड दक्षिणभूमीचं नाव गोंडवन. भूशास्त्रज्ञ मेडलिकॉट यांनी १८७२ साली इथल्या खडकांना गोंडांच्या मुलखावरून हे नाव दिलं, पुढे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी ते साऱ्या दक्षिणभूमीला दिलं. ब्राझीलचा विद्यार्थी असो की ऑस्ट्रेलियाचा, आपल्या पायाखालच्या जुन्या खडकाचं नाव घेताना तो गोंडांचं नाव घेतो. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांचा परकोट अजून उभा आहे. त्यांच्या वंशजांना शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट अभिमानानं सांगितली जायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

हे सगळे पुरावे एका सुतात ओवले ते आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञानं. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्टमध्ये त्यानं सांगितलं, की खंड सरकतात. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे नुसते कडेला कडा लावून जुळले तर तो योगायोग म्हणता येईल. पण छापलेल्या ओळीही सलग वाचता आल्या तर? डोंगररांगा, खडक, जीवाश्म या त्याच्या ओळी होत्या. तरी भलेभले भूशास्त्रज्ञ त्याच्यावर तुटून पडले. खंडांना ढकलतं कोण, याचं समाधानकारक उत्तर त्याच्यापाशी नव्हतं, हेही खरं. १ नोव्हेंबर १९३० रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, ग्रीनलंडच्या मधल्या ठाण्यावरून तो परत निघाला आणि वाटेतच गेला. त्याचं शरीर आजही त्याच बर्फात आहे.

पुढची साक्ष सह्याद्रीनं दिली. आपला काळा फत्तर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर सांडलेला लाव्हा. त्यात लोहाचे बारीक कण असतात. लाव्हा निवताना हे कण पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून बसतात आणि खडक पुरता निवला की ती दिशा कायमची कोरली जाते. ती दिशा जमिनीशी किती कललेली आहे, त्यावरून खडक कोणत्या अक्षांशावर जन्मला ते कळतं. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या संशोधकांनी दख्खनचा फत्तर तपासला, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम झालं. निष्कर्ष असा, की हा खडक विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तिसाव्या अक्षांशाच्या आसपास थिजलेला आहे. ज्या कड्याला आपण राकट, अढळ म्हणतो, तो हजारो किलोमीटर चालून आलेला वाटसरू आहे. हे ज्या दिवशी समजलं, त्यानंतर घाटात कातळाला हात लावताना माझी चप्पल आपोआप बाजूला निघते.

वाटेत टेथिस नावाचा समुद्र होता, तो भारत आणि आशिया यांच्या मध्ये सापडून मिटला आणि त्याचा तळ हिमालय होऊन वर आला. घरात शाळिग्राम असेल तर नीट पाहा. नेपाळमधल्या काली गंडकीतून आलेल्या त्या काळ्या गोट्यात जे चक्र दिसतं, तो अॅमोनाइट नावाच्या समुद्रजीवाचा शंख आहे. आटलेल्या समुद्राला आपल्या घरात रोज तुळस वाहिली जाते.

चालणं थांबलेलं नाही. आपली भूमी आजही ईशान्येला सरकते आहे, वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तीन बोटं. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात ती आपल्याला चार मीटर पुढे नेऊन सोडते. उत्तरेला आशियाला बसणाऱ्या या रेट्याचा ताण द्वीपकल्पाच्या पोटातही साठत जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तो किल्लारीत भूकंप होऊन सुटला आणि हजारो माणसं झोपेतच गेली. या भूमीपुढे हात जोडताना ती पहाट विसरता येत नाही.

शेवटची साक्ष जिवंत आहे. पावसाळ्यात कोकणात, घाटमाथ्यावर, बागेतला ओला दगड उचलला की कधीकधी खाली एक जीव वळवळतो. गांडुळासारखा, अंगावर वळ्या असलेला, पण पाठीचा कणा आणि जबडा असलेला. हा देवगांडूळ, बेडकांचा दूरचा भाऊबंद. खारं पाणी त्याला सोसत नाही. तरी त्याचे जवळचे नातेवाईक सुमारे तीन हजार किलोमीटरवर, सेशेल्स बेटांवर राहतात. ती बेटं सह्याद्रीच्या लाव्हाच्या काळातच आपल्यापासून तुटली. भावंडं दोन काठांवर राहिली.

अनेकजण त्याला साप समजून ठेचतात. तो साप नाही, माणसाला चावायला येत नाही. तुमच्या बागेत दिसला तर मारू नका. दगड होता तसा, हलक्या हातानं परत ठेवा.