हातांचे संशोधन आणि आमची प्रश्नावली

मारुंजीतल्या आमच्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी डिजिटल कलेत पदव्युत्तर शिक्षण घेते. तिची आई मराठवाड्यातून आलेली. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे आमच्या भागात जे टॉवर उभे राहिले, त्यांतल्या एकात ती साफसफाई करते. मुलीने अंतिम प्रकल्पाला विषय घेतला, आईच्या कामाची इमारत आईच्या नजरेतून संगणकावर उभी करणे. मार्गदर्शक म्हणाले, "काम चांगलं आहे, पण यात संशोधन कुठे आहे?" ती आमच्याकडे आली. आम्ही समाजशास्त्राचे एम.ए., आम्हीही तेच विचारले. वर सल्ला दिला की प्रश्नावली कर, बायांकडून भरून घे, तक्ते काढ आणि तुझे डिजिटल काम परिशिष्टात जोड.

मित्रहो, हा सल्ला चुकीचा होता. तो का चुकीचा होता, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रश्नावली आमच्याकडे तयारच होती. वस्तीतल्या कामगार बायांना आम्ही आधीच विचारले होते, "कामाच्या ठिकाणी तुम्हाला वेगळी वागणूक मिळते का?" बहुतेकींनी "नाही" सांगितले. तिच्या आईनेही. आम्ही ते "नाही" मोजले आणि फाईल मिटली.

मुलीने मात्र काम सोडले नाही. इमारतीत फोटो काढायला परवानगी मिळाली नाही, म्हणून तिने आईला शेजारी बसवले आणि ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आईच्या सांगण्यावरून भिंती उभ्या करायला घेतल्या. पहिल्या आवृत्तीत तिने मोठे काचेचे प्रवेशद्वार केले. आई म्हणाली, "हितून कोण जातंय? आमी मागच्या दारानं जातो." दुसऱ्या आवृत्तीत लिफ्ट चुकली. "ही आमची न्हाई, आमची सामानाची." तिसऱ्या वेळी कॅमेरा चुकला. मुलीने तो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला होता. आई म्हणाली, "फरशी पुसताना एवढं वरचं कुठं दिसतं?"

कॅमेरा दोन फुटांवर आला आणि इमारतच बदलली. आता दिसू लागल्या चपला, दारांच्या फटी, एका फ्लॅटबाहेर कुत्र्यासाठी ठेवलेले पाण्याचे भांडे. ते भांडे करता करता मुलीने विचारले, "आणि तू पाणी कुठं पितेस?" आई म्हणाली, "घरनं बाटली नेते." मग संडास कुठे दाखवायचा, हा प्रश्न आला. आईला वापरता येईल असा संडास त्या नकाशात कुठेच बसेना. आई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. नंतर म्हणाली, "वेगळी वागणूक म्हंजे शिवीगाळ, असं वाटलं मला. हे तर रोजचंच हाय."

जे आमच्या प्रश्नावलीला सापडले नाही, ते एका चुकलेल्या दाराने, चुकलेल्या लिफ्टने आणि खाली आणलेल्या कॅमेऱ्याने शोधून काढले. याला संशोधन म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

ही काही आमची हौशी कल्पना नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधले ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्येच कलेविषयीचे, कलेतून होणारे आणि कलेसाठीचे संशोधन असे तीन प्रकार मांडले. आपल्याकडचे उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला संज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या मुलाची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१३ मध्ये 'फँड्री' आला. डुक्कर वाहून नेणारे कुटुंब बाबासाहेब आणि सावित्रीबाई रंगवलेल्या शाळेच्या भिंतीवरून जाते, ते दृश्य आठवा. जात आणि शाळा यांच्या नात्याबद्दल ती चौकट जे सांगते, ते किती प्रबंधांना सांगता आले?

मग अडते कुठे? करणारा वेगळा आणि जाणणारा वेगळा, ही जातीचीच शिकवण आहे. ज्याने चामडे कमावले, मडके घडवले, सूत विणले, त्याच्या हातातल्या ज्ञानाला ज्ञान म्हटले गेले नाही. जातीने कामाचीच नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. कोलंबियात त्यांना शिकवणारे जॉन ड्युई हे तर कृती आणि विचार यांची फारकत नाकारणारेच तत्त्वज्ञ. हातांनी केलेला प्रकल्प परिशिष्टात आणि कागदावरचा तक्ता मुख्य प्रकरणात, अशी उतरंड आम्ही आंबेडकरवादी म्हणवणाऱ्यांनीही त्या मुलीसमोर मांडली. याची आम्हाला लाज वाटते.

पण एक इशारा आपल्याच तरुणांना. केलेली प्रत्येक गोष्ट संशोधन होत नाही. आमच्या दुःखाचे चित्र काढले, आता पदवी द्या, ही मागणी आपल्याला कमीपणा आणणारी आहे. प्रश्न स्पष्ट हवा. प्रत्येक आवृत्ती तारखेसह जपलेली हवी. काय चुकले, कोणी सांगितले, त्यावरून काय बदलले, याची नोंद हवी. दुसऱ्याला ती वाट तपासता यायला हवी. आणि ज्यांच्या जगण्यावर काम केले, त्यांना ते खोडून काढण्याचा हक्क हवा. त्या मुलीने फसलेल्या आवृत्त्या फेकल्या नाहीत. त्यांचेच एक प्रकरण केले. तेच तिच्या प्रबंधातले सर्वात भक्कम प्रकरण आहे.

आम्हीही प्रश्नावली बदलली. आता आधी कागद आणि पेन्सिल देतो, कामावर जायची वाट काढायला सांगतो, आणि मग विचारतो.

पुढच्या महिन्यात प्रकल्प परीक्षकांसमोर जाईल. आईला बोलावणे नाही. तिने मुलीला एवढेच विचारले, "चुकलं का बरोबर, हे त्या साहेबांना कसं कळंल? ते मागच्या दारानं कधी गेलेत का?"

जय भीम.