पस्तिसास एक

आमच्या मराठी विभागाच्या काचेच्या कपाटात, साहित्यशास्त्राच्या ग्रंथांच्या वरच्या कप्प्यात, चार रणगाडे उभे आहेत. नव्याने येणारा विद्यार्थी आधी त्यांच्याकडे पाहतो, मग आमच्याकडे. आणि मराठीच्या प्राध्यापकांचा या दारूगोळ्याशी काय संबंध, हा प्रश्न त्याच्या मुद्रेवर स्पष्ट वाचता येतो. आम्ही दोघे सहकारी गेली कित्येक वर्षे फावल्या वेळात लष्करी वाहनांच्या प्रतिकृती जोडत आलो आहोत. बुलडाणा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी या छंदाचे तिसरे माणूस अद्याप आम्हांस भेटलेले नाही.

तरीही हा नाद येथील मातीला अगदीच परका आहे, असे मात्र नाही. पोळ्याला आमच्याकडे घरोघरी मातीचे बैल पुजले जातात. वशिंड आणि शिंगे साधली की उरलेला बैल पाहणाऱ्याचा भाव पुरा करतो. रणगाड्याच्या बाबतीत डोळा इतका क्षमाशील नसतो. प्लास्टिकच्या चौकटीला लगडलेले शेकडो सुटे भाग ब्लेडने कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, चिमट्याने उचलून चिकटवायचे. साखळीपट्ट्याची एक कडी चुकली तरी सारा डौल जातो. शेवटी रंग, आणि रंगावर मुद्दाम चढवलेली धूळ, चिखल, गंज. नवे कोरे दिसणारे वाहन या छंदात खोटे मानतात.

रणगाड्यांसाठी जगभर रूढ झालेले प्रमाण १:३५ असे आहे. त्यामागे कोणतेही शास्त्र नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी जपानच्या तामिया कंपनीने ‘पँथर’ या जर्मन रणगाड्याची प्रतिकृती काढली, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा तिचा आकार ठेवला. तो मूळच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाचा भरला, आणि तोच पुढे दंडक झाला. वाङ्मयातील कित्येक संकेतांची जन्मकथा याहून फारशी वेगळी नसावी.

आमचा पहिला रणगाडा ‘सेंच्युरियन’. त्यास निमित्त झाले अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, १९९४ साली उघडलेले रणगाडा संग्रहालय. रोल्स रॉईसच्या चिलखती गाडीपासून १९६५च्या युद्धातील पॅटनपर्यंतची ती रांग पाहताना आम्ही सेंच्युरियनपाशी रेंगाळलो. पूना हॉर्स या रेजिमेंटचे दोन्ही परमवीर याच जातीच्या रणगाड्यावर लढले: १९६५ साली लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. खेत्रपालांचे वय तेव्हा एकवीस वर्षांचे होते. म्हणजे आमच्या एम. ए.च्या वर्गात बसणाऱ्या मुलाएवढे.

परतल्यावर आम्ही सेंच्युरियन जोडला. जोडताना एक हिशेब ध्यानी आला. लांबी पस्तीस पटींनी घटते. घनफळ मात्र ४२,८७५ पटींनी. सुमारे ५१ टनांचा हा रणगाडा त्याच पोलादाचा, त्याच प्रमाणात केला तरी सव्वा किलोच्या आत येईल. आमचा पोकळ प्लास्टिकचा तर शेजारच्या शब्दकोशाहूनही हलका. थोडक्यात, प्रतिकृतीत आकार टिकतो, भार जातो.

ॲरिस्टॉटलच्या अनुकृतिविचाराचे एक सूत्र आम्ही दरवर्षी शिकवतो: प्रत्यक्षात जे पाहवत नाही, अगदी मृतदेहसुद्धा, त्याची हुबेहूब प्रतिमा पाहताना माणसाला आनंद होतो. हे शिकवताना आम्ही कपाटाकडे बोट दाखवीत असू. उदाहरण आयते होते, आणि खरे सांगायचे तर आम्हांस त्याचा थोडा अभिमानही होता.

२६ जानेवारी २०२० रोजी महाविद्यालयात आम्ही या प्रतिकृतींचे छोटे प्रदर्शन मांडले. गर्दी बरी होती. बी. ए. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी बराच वेळ टेबलाशी थांबला. त्याचा थोरला भाऊ केंद्रीय राखीव पोलीस दलात होता. त्याने विचारले, “सर, याच्यात बस नाही काय?”

कोणती बस, हे विचारण्याची गरज नव्हती. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे स्फोटकांनी भरलेली मोटार ज्या बसवर आदळली, तिच्याविषयी तो बोलत होता. त्या हल्ल्यात चाळीस जवान गेले. त्यांतले दोन आमच्या जिल्ह्याचे. आम्ही काहीतरी उत्तर दिले. बसचा संच बाजारात मिळत नाही, असे काहीसे. उत्तर खरे असेल, पण पुरेसे नव्हते. जवान आयुष्यात अधिक प्रवास करतो तो बसने आणि ट्रकने. आम्ही मात्र ज्यावर तोफ आहे, तेच वाहन स्मरणीय मानले होते. महाकाव्याचे नायक निवडताना झालेली चूक वर्गात समजावून सांगणारे आम्ही, कपाटात तीच करीत होतो.

त्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे वेळच वेळ होता. एकाच्या घरी सांगाडा झाला, दुसऱ्याच्या घरी आसने. पुठ्ठा कापून बस जोडली. आमच्या प्रमाणात ती साधारण फूटभर झाली. सांगाडा सहज उभा राहिला. आसने कापताना मात्र हात मंदावला. रणगाड्यात माणूस दिसत नाही, पोलाद दिसते. बसमध्ये आसनांखेरीज दाखवण्यासारखे असते तरी काय? एकेक आसन चिकटवताना तेथे कोणी तरी बसणार आहे, ही जाणीव जाता जाईना. येथे भार घटला नव्हता. ॲरिस्टॉटलचे सूत्र चुकीचे आहे, असे आमचे म्हणणे नाही. पाहणारा किती अंतरावर उभा आहे, हे त्या सूत्रात धरलेले असते. एवढेच आम्हांस त्या उन्हाळ्यात कळले.

बसवर आम्ही धूळ, गंज काही चढवले नाही. छंदाच्या नियमाने ती अपुरी आहे.

महाविद्यालय पुन्हा सुरू झाल्यावर त्या विद्यार्थ्याला बोलावून ती दाखवली. त्याने वाकून खिडक्यांतून आत पाहिले. छान झाली, असे तो म्हणाला नाही. दार तेवढे चिकटवायचे राहिले होते. “उघडंच ठेवा, सर,” तो म्हणाला, “उतरता आलं पाहिजे.”

आम्ही दार उघडे चिकटवले.