बोरघाटाचा चढ आणि सामी सुताराचे नाव

मुंबई-पुणे मार्गावरचा बोरघाट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे, पण एसटीच्या किंवा रेल्वेच्या खिडकीतून. खिडकीतून दरी दिसते, पावसाळा असेल तर धबधबे दिसतात, बोगदा आला की मुले आरोळ्या ठोकतात आणि बघता बघता लोणावळा येते. घाट किती उंच आहे हे मात्र खिडकीतून कळत नाही. ते कळून घ्यायचे तर घाट स्वतःच्या पायांनी चढावा लागतो. गेल्या हिवाळ्यात मी तो सायकलवरून एकट्याने चढलो. त्या प्रवासाची ही हकीकत.

माझे वय पंचावन्न. कारखान्यात तीस वर्षे लेथसमोर उभा राहिलो. पाळी पहाटेची असो की रात्रीची, येणे-जाणे सायकलवर. सायकल ही माझी हौस नव्हे, ते माझे वाहन. कारखाना बंद पडला आणि मी घरी बसलो. गुडघे कुरकुरू लागले. आयुष्यभराची ताकद यंत्राला देऊन झाली, आता आपल्यासाठी काही उरली आहे की नाही, हा प्रश्न रात्री झोपू देईना. घरात वाद झाला. पत्नी म्हणाली, "या वयात घाट कशाला चढायचा? जायचेच असेल तर मुलाला बरोबर घ्या." मी म्हणालो, "जोडीला कोणी असले की आपण त्याच्या दमाने चालतो. मला माझा दम पाहायचा आहे." शेवटी तिनेच गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी बांधून दिली.

आदल्या रात्री खोपोलीला मावसभावाकडे मुक्काम केला. सायकल जुनीच, पण गिअरची. ब्रेकचे रबर नवे बसवले, चेनला तेल दिले, हवा तपासली. पाण्याच्या दोन बाटल्या, चार केळी, पंक्चरचे सामान, पंप आणि मागे लाल दिवा एवढे सामान घेऊन उजाडता उजाडता निघालो.

खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण 60 मीटर उंचीवर, तर लोणावळा 620 मीटरच्या आसपास. म्हणजे सुमारे साडेपाचशे मीटर वर चढायचे, आणि त्यातला बहुतेक चढ पहिल्या दहाएक किलोमीटरमध्येच. हे पाणी वरून खाली येते तेव्हा त्यात किती जोर असतो, ते खोपोलीकरांना चांगले ठाऊक आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून टाटांच्या खोपोलीच्या केंद्रात 1915 पासून वीज तयार होते. पाण्याला उतरताना जेवढी उंची मिळते, तेवढीच मला चढायची होती!

गाव मागे पडले आणि चढ सुरू झाला. पुढची लहान चकती, मागची मोठी चकती असा गिअर टाकला. या गिअरमध्ये पाय भराभर फिरतात पण सायकल मुंगीच्या पावलाने जाते. घाटात तेच हवे. सुरुवातीलाच जोर लावणारा माणूस दुसऱ्या वळणावर धापा टाकतो. मी श्वास मोजू लागलो. दोन फेऱ्यांना श्वास आत, दोन फेऱ्यांना बाहेर. शेजारून ट्रक गुरगुरत जात होते. त्यांचाही वेग माझ्याहून फार जास्त नव्हता, त्यामुळे डिझेलचा धूर बराच वेळ सोबत करी. एका ट्रकच्या क्लीनरने खिडकीतून हात हलवला आणि ओरडला, "चलो चाचा!" एकट्या माणसाला तेवढेही पुरते.

वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. शिंग्रोबा हा धनगर. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, ती त्याने दाखवली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितले, तेव्हा त्याला गोळी घातली, अशी लोककथा सांगतात. येणारे-जाणारे ड्रायव्हर आजही येथे गाडी हळू करतात. कथा खरी की खोटी हे कोण सांगणार! पण रानात गुरे-मेंढरे राखणाऱ्यालाच डोंगराची वाट ठाऊक असते, एवढे तिच्यात नक्की खरे आहे.

देवळापुढची वळणे सर्वांत कठीण. रस्ता अंगावर आल्यासारखा वाटतो. डाव्या पोटरीत गोळा आला. मी कडेला उतरलो, पाय ताणला, केळे खाल्ले आणि शंभरएक पावले सायकल हातात धरून चाललो. उतरण्यात कसली आली लाज? मुंबई-पुणे सायकल शर्यतीत जो हा चढ सर्वांच्या आधी सर करतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. मला राजा व्हायचे नव्हते, वर पोचायचे होते.

उभा असताना दरीपलीकडे रेल्वेची गाडी चढताना दिसली. मागून इंजिने ढकलत होती. बोरघाटाच्या त्या लोहमार्गाचे काम 1856 मध्ये सुरू झाले आणि 1863 मध्ये पुरे झाले. चढ इतका की काही ठिकाणी 37 फूट पुढे गेले की एक फूट वर. पंचवीस बोगदे, तेही सुरुंग, पहारी आणि घणांनी फोडलेले. 1861 च्या सुमारास चाळीस हजारांवर मजूर या डोंगरात राबत होते. त्यांत बायका होत्या, मुले होती. पटकीने, तापाने आणि अपघाताने हजारो माणसे येथेच गेली. 1859 मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच आठवड्यांत मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुढे नेऊन पुरे केले. तिचे नाव इतिहासात आहे, आणि ते असायलाच हवे. पण डोक्यावर पाटी घेऊन तोच डोंगर चढणाऱ्या बाईचे नाव कोठे आहे? ज्या रस्त्यावर मी उभा होतो, तो गाडीरस्ताही 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमने खुला केला असे लिहिलेले सापडते. खडी कोणी फोडली ते सापडत नाही. त्याच काळातला अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये पाडला गेला, तेव्हा पुलाचे फोटो सर्वत्र छापून आले. दगड रचणारे हात त्याआधीच विस्मरणात गेले होते.

मला माझा लेथ आठवला. तीस वर्षांत किती शाफ्ट, किती बुश कातले! कोणत्या तरी यंत्रांत ते आजही फिरत असतील. एकावरही माझे नाव नाही.

पुन्हा सायकलवर बसलो. वरच्या टप्प्यात जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग अगदी जवळ येतात. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, म्हणून फलक नीट पाहून दुचाकीच्या वाटेनेच जावे. शेवटची दोन वळणे मी मान वर न करता काढली. फक्त पुढच्या चाकासमोरचा हातभर रस्ता बघायचा, तो संपला की पुढचा हातभर. आणि एकाएकी पॅडल हलके झाले, गार वारा तोंडावर आला. खंडाळा! घाट चढायला मला दोन तासांच्या आसपास लागले. राजमाची पॉइंटवर कठड्याला सायकल टेकवून चहा घेतला. पाय थरथरत होते, पण ते माझे होते.

येथूनच परत फिरता आले असते. पण मला कार्ल्याला जायचे होते. बंदरांतून देशावर जाणारी प्राचीन वाट याच डोंगरांतून चढे. तिच्या आजूबाजूला कोंडाणे, भाजे, बेडसे, कार्ले अशी बौद्ध लेणी आहेत. व्यापारी आणि भिक्खू हा सह्याद्री पायीच चढत, त्यांना कोठला गिअर!

लोणावळ्याहून कार्ला फाटा गाठला. पुढे पायथ्याशी सायकलला कुलूप लावून एकवीरेच्या भाविकांच्या गर्दीतून पायऱ्या चढलो. कार्ल्याचे चैत्यगृह दोन हजार वर्षांपूर्वीचे, सुमारे 38 मीटर लांब. छताच्या लाकडी कमानी आजही टिकून आहेत. आत गेलो की आपोआप आवाज खाली येतो.

पण मी पाहायला गेलो होतो ते दाराजवळचे शिलालेख. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दात्यांची नावे तेथे कोरली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, यवन आहेत. आणि त्यांच्याबरोबरच धेनुकाकट गावचा एक सुतार आहे. वेणुवासाचा मुलगा सामी. हे दार त्याने केले, असे दगडात लिहिले आहे. श्रेष्ठीच्या नावाशेजारी सुताराचे नाव, तेही बापाच्या नावासकट! त्याच्या हाताची कारागिरी जितकी जुनी, तितकेच त्याचे नावही जुने. हाताने काम करणाऱ्याला मान देणारी ती रीत पाहून मी त्या अक्षरांपुढे बराच वेळ उभा राहिलो.

वाचक बंधू-भगिनींनो, सायकलने जमले नाही तर गाडीने जा, पण मुलांना घेऊन जा. सायकलने जाणार असाल तर पावसाळा आणि धुके टाळा, पहाटे निघा, मागचा दिवा लावा आणि उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबा. घाटात मुलांना सांगा की हा डोंगर कोणी फोडला. आणि कार्ल्याच्या दाराशी पोचल्यावर त्यांना सामी सुताराचे नाव मोठ्याने वाचायला लावा.