सुटलेली कड

कार्तिकी पौर्णिमा उलटली की आमच्या घरातली एक खाकी पिशवी माळ्यावरून खाली येते. तीत चमकत्या पट्ट्यांची दोन जाकिटे, एक शिट्टी, लाल काचेची विजेरी, मलमपट्टीचे थोडे सामान, बाबूजींची वही आणि हातात मावेल एवढे एक जीपीएस यंत्र असते. चातुर्मास संपवून साधू-साध्वी विहारास निघतात, तेव्हा आपल्या भागातील मुक्कामांपर्यंत त्यांच्यासोबत पायी चालण्याचा नेम बाबूजींनी आयुष्यभर पाळला. त्यांच्यामागे तो माझ्याकडे आला. पिशवीही आली.

हाती मोबाइल असताना हे जुने यंत्र कशाला, असे घरातली मुले विचारतात. त्याला उत्तरे आहेत. त्यात दोन साधे पेन्सिल सेल लागतात आणि ते कोणत्याही खेड्यातल्या किराणा दुकानात मिळतात. भर उन्हात त्याचा पडदा स्पष्ट वाचता येतो. त्याला टॉवरची रेंज लागत नाही. पण खरे कारण त्याच्या पोटात आहे. पुणे-नाशिक रस्ता चौपदरी झाला, वाहनांचा वेग वाढला आणि कडेने अनवाणी चालणे जिवावरचे झाले. तेव्हापासून बाबूजींनी आतल्या वाटा शोधायला सुरुवात केली. आळेफाट्यापासून संगमनेरपर्यंत, बोटा, घारगाव, चंदनापुरी या गावांच्या आसपास, कोठे महामार्ग सोडून गाडीवाटेला लागायचे, कोठे बाभळीचे काटे आहेत, कोणत्या शाळेच्या ओसरीत रात्र काढता येते, हे सारे त्यांनी सत्तरीत त्या बारीक बटणांशी झगडून नोंदवले. नावे रोमन अक्षरांत असली तरी शब्द त्यांचेच: ‘काटे’, ‘ओढा’, ‘चांगली शाळा’, एका ठिकाणी ‘कुत्रे तीन’. महासतीजी त्या यंत्राला स्पर्श करत नाहीत, त्या फक्त विचारतात, “किती राहिलं?” आणि पडदा पाहून उत्तर देण्याचे काम श्रावकाचे.

या यंत्राच्या कडेने काळ्या रबराचा एक पट्टा सभोवार फिरतो. तो शोभेचा आहे, पडले तर मार लागू नये म्हणून आहे, एवढीच माझी समजूत होती. वस्तुतः यंत्राचे पुढचे आणि मागचे कवच जेथे जुळते तो सांधा या पट्ट्याखाली येतो आणि बाजूची बटणेही त्यातूनच दाबायची असतात. पट्टा धरून ठेवते ती आतली दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ पट्टी. वर्षानुवर्षांचा घाम, ऊन आणि हाताचे तेल तिला सैल करते. मी त्यात आणखी एक भर घातली होती. संध्याकाळी मुक्कामी डास फार, म्हणून हाताला मलम चोळायचे आणि त्याच हाताने यंत्र उचलायचे. डास पळवणाऱ्या कित्येक मलमांतले द्रव्य प्लॅस्टिकला आणि काही रबरांना बाधते. रबर फुगते, लांबते, आणि लांबलेला पट्टा मग आपल्या खाचेत मावत नाही. आमच्या यंत्राची एक कड अशीच सेलच्या झाकणाजवळ उचलली गेली होती. चालताना मी ती अंगठ्याने आत दाबत असे. चार पावलांवर ती पुन्हा बाहेर.

माझे दुकान हार्डवेअरचे आहे. चिकटवण्याच्या वस्तूंचा एक स्वतंत्र कप्पाच आहे. बाबूजींच्या काळी सुतार लाकूड जोडायला सरस मागत. सरस जनावरांची कातडी आणि हाडे उकळून होतो, म्हणून बाबूजींनी तो दुकानात कधी ठेवला नाही. त्यापायी काही सुतार गिऱ्हाइके बाजारातल्या दुसऱ्या दुकानाकडे वळली ती पुढे पांढरा कृत्रिम गोंद रुळल्यावरच परतली. हा इतिहास मी गल्ल्यावर बसून अनेकांना अभिमानाने सांगितला आहे. तो सांगणारा मी, विहाराच्या आदल्या रात्री दुकान बंद करताना कप्प्यातून झटपट गोंदाची एक नळी उचलली, उचललेल्या कडेखाली चार थेंब सोडले, दोन मिनिटे दाबून धरले आणि निर्धास्त झोपलो.

झटपट गोंदाचा स्वभाव मला ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही. हवेतल्या ओलाव्याने तो आळतो. आळण्यापूर्वी पाण्याहून सहज पसरतो आणि बारीक फट दिसली की तीत आपोआप ओढला जातो. आळल्यावर काचेसारखा कडक होतो. रबर मात्र वाकणारे. कडक आणि वाकणारे यांची जोडी टिकत नाही. शिवाय त्या चार थेंबांतला काही भाग रबराखालून वाहत जाऊन बाजूच्या बटणापाशी थांबला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

घारगावहून निघाल्यावर सूर्य वर आला तोवर सारे ठीक होते. सेल वाचवायला मी पडदा बंद केला होता. चंदनापुरीच्या अलीकडे एका शेततळ्याजवळ वाट दुभंगली. दोन्ही फाटे सारखेच, दोन्हींवर ट्रॅक्टरची चाके उमटलेली. मी बटण दाबले. ते दगडासारखे बसलेले. पुन्हा दाबले, नखाने दाबले, सेल काढून घातले. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संकेत टिपणारे ते यंत्र माझ्या चार थेंबांपुढे हतबल होते. मोबाइलवर त्या वाटा दिसत नव्हत्या. बाबूजींनी त्या शोधल्या होत्या त्याच मुळी नकाशात नव्हत्या म्हणून. या वाटेने मी त्यांच्यामागून पाच-सहा वेळा गेलो असेन, पण ते पुढे असल्याने मी कधी वाट पाहिलीच नव्हती. अंदाजाने डावीकडे वळलो.

ती वाट एका खडी फोडणाऱ्या कारखान्यापाशी संपली. परत फिरावे लागले. जाऊन येऊन अडीच किलोमीटर, त्यातला बराचसा भाग नुकत्या फोडलेल्या खडीचा. संघातल्या थोरल्या महासतीजींनी सत्तरी ओलांडली आहे. त्या खडीवरून कशा चालल्या ते मी पाहिले नाही, कारण मान वर करून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. मुक्कामी पोचायला ऊन चांगलेच चढले. त्यांच्या डाव्या पावलाला चीर गेली होती. त्यांनी स्वतःच ती पुसली, कापडाची पट्टी बांधली आणि आधी मला विचारले, “तुम्ही पाणी घेतलंत का?”

संध्याकाळी वंदनेला गेलो तेव्हा मी सारे सांगितले: गोंद, नळी, घाई. वाट चुकल्याबद्दल क्षमा मागायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून थांबवले. “वाट चुकते. त्याचं काही नाही. पण ते रबर गेले चार दिवस सुटलेलं दिसत होतं. आम्हाला वाटलं, तुम्हीही पाहिलं असेल.”

पाहिले होतेच. रोज अंगठ्याने दाबत होतो.

एवढे बोलून त्या आपल्या कामाला लागल्या. पडिलेहणाची वेळ झाली होती. एकेक वस्त्र उलगडून, दोन्ही बाजूंनी न्याहाळून, पुन्हा घडी घालून ठेवणे. पात्र उचलताना पाहणे, ठेवताना पाहणे. एका लाकडी पात्राला जुनी भेग होती आणि ती दोऱ्याने सांधून वर रंग दिलेला होता. आदान-निक्षेपण समितीचे नाव मी लहानपणापासून पाठ म्हणत आलो आहे. दिवसातून दोनदा प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहणाऱ्या माणसाच्या नजरेतून चार दिवसांची सुटलेली कड निसटणे शक्य नव्हते, हे त्या संध्याकाळी समोर बसून पाहिल्यावर पटले.

परतल्यावर यंत्र दुरुस्त करायला पाच संध्याकाळी लागल्या. लावण्याचे काम अर्ध्या तासाचे. बाकी सारा वेळ काढण्यात गेला. झटपट गोंद विरघळवणारे द्रव माझ्याच दुकानात आहे, पण ते यंत्राचे प्लॅस्टिकही खाते, आणि थिनरचेही तेच. तेव्हा सेल काढले, केस वाळवायच्या यंत्राने लांबून कोमट हवा दिली आणि रबर हलके हलके सोडवू लागलो. जेथे गोंद आळला होता तेथे शिवणाचा नायलॉन दोरा रबराखाली घालून करवतीसारखा पुढेमागे ओढला. बटण असेच तिसऱ्या संध्याकाळी मोकळे झाले. त्याचा ‘टक्’ असा आवाज झाला तेव्हा स्वयंपाकघरातून सौ.ने विचारले, “काय मोडलं?”

गोंदाची पांढरी खपली आणि जुन्या पट्टीचा काळा चिकटा दात कोरायच्या काडीने खरवडला. पात्याने काम लवकर झाले असते, पण सांध्याला ओरखडा गेला तर पाणी तेथूनच शिरते. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या सुती चिंधीने पुसला. रबराचा पट्टा सौम्य साबणाने धुऊन चार दिवस सावलीत ठेवला. मलमाचे अंश निघाल्यावर तो बराचसा आक्रसला आणि खाचेत बसू लागला. मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ पट्टी घेऊन तिच्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या फिती कापल्या. बटणांच्या जागा मोकळ्या सोडल्या. हवेचा दाब मोजणाऱ्या भागाचे एक बारीक छिद्र आहे, तेही सोडले. ते बुजले तर यंत्र उंची चुकीची सांगू लागते. लांब सरळ बाजू आधी, वळणे नंतर, आणि रबर कोठेही न ताणता. शेवटी कडेने मऊ कापड गुंडाळून वर सुती नाडी बांधली आणि रात्रभर तसेच ठेवले.

यंत्राच्या खोक्यावर एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी बिघडणार नाही असा दर्जा छापलेला आहे. हाताने उकललेल्या यंत्राला तो आता लागू नाही. बुडवून खात्री करण्याचा मोह मी टाळला. हल्ली ते एका पारदर्शक पिशवीत असते. बाबूजींच्या साऱ्या नोंदी संगणकावर उतरवून घेतल्या आणि वहीतही लिहिल्या. ‘कुत्रे तीन’सुद्धा. त्या शेततळ्याजवळच्या फाट्यावर मी माझी पहिली नोंद घातली: ‘उजवीकडे’.

पट्टा लावल्याला दोन हिवाळे झाले. सेलच्या झाकणाजवळ नखभर कड पुन्हा उचलू लागली आहे, ती गेल्या आठवड्यात पिशवी काढल्यावर संध्याकाळी पाहताना दिसली. तेवढाच तुकडा सोडवून नवी फीत लावायला दहा मिनिटे लागली.

परवा दुकानात एक तरुण आला. गळ्यात दुर्बीण, तिचे रबर एका बाजूने लोंबत होते. झटपट गोंदाची नळी मागितली. मी म्हटले, “आधी जरा दाखवा, आत जुनी पट्टी किती उरली आहे ते पाहू. याला नळी नको, दुसरं काही देतो. पण आधी ते साफ करावं लागेल.” त्याला गाडी गाठायची होती. “काका, तुम्हाला विकायचं आहे की नाही?” असे हसत म्हणून तो समोरच्या दुकानात गेला.