माझी शंभर चित्रे

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी वहीत लिहिले, "या वर्षी शंभर चित्रे काढणार." पद्मश्री (२०११) मिळालेले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे आमच्याच डहाणू तालुक्यातले. मग मी का मागे राहू?

श्रावणातच घाई केली. पडवीची कुडाची भिंत शेणमातीने लिंपली, ओलीवरच गेरू फासला आणि बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. रात्री उशिरापर्यंत वाकून बसलो. सकाळी पाहतो तर तारप्याभोवती नाचणारी माणसे ओघळून गेलेली! मी रडलोच. मान आखडली होती, डोळ्यांतून पाणी येई. पावसात भिंत सुकत नाही, एवढेही डोक्यात आले नाही.

आजी म्हणाली, "पोरा, भात एका रात्रीत पिकतो का रे? आधी जेव नि झोप."

आता वही नव्याने आखली. पावसाळाभर कागद, आठवड्याला एक चित्र. कापणी झाली की भिंत. रविवारी काडी बंद, विटीदांडू. शंभर काही होत नाहीत. खाली लावलेय ते सातवे. त्यातला बैल जरा कुत्र्यासारखा झालाय, पालकांनी हसू नये.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी