आपल्याला मानवेल ते

पौर्णिमेच्या रात्री कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी विजेऱ्या घेतलेली तरुण पोरं जमतात आणि टेकड्यांमागून टेकड्या चढत-उतरत सिंहगडाकडे निघतात. आमच्या सोसायटीतला एक मुलगा आठवडाभर संगणकापुढे बसून आंबलेलं अंग घेऊन जातो. परततो तेव्हा पाय भरून आलेले असतात, पण चेहरा उजळलेला. त्याला ते मानवतं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींची कंबर मात्र अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस बदलता बदलता धरते. त्यांनाही कुणी हौसेनं सांगतं, ‘डोंगर चढा, बरं वाटेल.’

वाग्भटांनी ‘अष्टांगहृदया’त रोज अंगाला तेल लावायला सांगितलं, डोकं, कान आणि तळपाय तर विसरू नका म्हणाले. पण कफाचा त्रास असलेल्यांनी आणि अपचन झालेल्यांनी ते टाळावं, हेही तिथेच सांगितलं. व्यायामाचंही तसंच. धडधाकट माणसानं थंडीत आणि वसंतातसुद्धा तो अर्ध्या ताकदीनंच करावा, एरवी त्याहून कमी. इतक्या जुन्या काळी एवढा बारीक विचार करणाऱ्या या वैद्याबद्दल मला फार आदर वाटतो. हल्ली एकच दिनक्रम साऱ्या जगाला वाटला जातो आणि तो जमला नाही की माणसं स्वतःलाच आळशी ठरवतात.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात असं चालत नाही. १९८६ मध्ये इथे सर्पोद्यान आलं, १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. थंडीत सापांना ऊब द्यावी लागते, उन्हाळ्यात वाघाच्या अंगावर पाण्याचे फवारे. हत्तीला डुंबायला पाणी हवं, निशाचरांना दिवसा निवांत काळोख. कुणाला काय लागतं हे ओळखणं, हीच तिथली निम्मी सेवा. मुक्या जिवांसाठी आपण एवढं हेरतो, मग स्वतःच्या जिवाची विचारपूस करायला का कचरतो?

वहिनींनी ती केली. दिवसभर घरात हाका असतात: औषध, पाणी, दार, कुकर. म्हणून त्यांना हवी होती ती बिनबोलाची घटका. संध्याकाळी त्या कात्रजच्या तलावाकाठी येतात, चपला काढून बाजूला ठेवतात, पाय लांब करतात. फोन घरीच. ओळखीचं कुणी दिसलं तर हात करतात, पण बोलावत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या अण्णांचं याच्या अगदी उलट. काकू गेल्यापासून त्यांच्या घरात दिवसभर कुणाचा आवाज नाही. त्यांना पारावरचा गलका, चहा, राजकारणावरची वादावादी लागते. शांत बसा म्हटलं तर ते खचतील.

हा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या नावानं ओळखला जातो. १७५० च्या सुमारास त्यांनी इथलं पाणी भुयारी नळातून पार शनिवारवाड्यापर्यंत नेलं, निव्वळ उताराच्या जोरावर. वाटेत हवा सुटायला उच्छ्वास बांधले, गाळ खाली बसायला जागा ठेवली. पाण्यानं कुठे थांबायचं, हे बांधतानाच ठरलेलं होतं. सवड मिळाली की थांबू, असं वहिनी पूर्वी म्हणत. सवड काही आली नाही. मग त्यांनी संध्याकाळची वेळ नेमून घेतली.

पण ती घटका एकट्याच्या निश्चयानं हाती येत नाही. आजारी माणसाशेजारी तेवढा वेळ दुसरं कुणी बसावं लागतं. त्यासाठी वहिनींचे यजमान आईला पेज भरवायला शिकले. आधी सांडायची, आता ते उशी नीट लावून, हनुवटीखाली पंचा धरून, एकेक चमचा थांबून देतात. आणि परवा वहिनींनी धाकट्या दिरांना फोन लावला. ‘दर महिन्याला आठ दिवस इथे येऊन राहायचं,’ त्या म्हणाल्या. ‘आईंचं सगळं कागदावर लिहून ठेवलंय. पहिली पाळी तुमची.’