सिग्नलवरचा वाघ

मी मूळची करडीची. 'म्हणजे नक्की कुठे?' मोहाडी तालुका, भंडारा जिल्हा. एवढं सांगूनही समोरच्याचा चेहरा कोराच राहिला, की मी शेवटचं अस्त्र काढते, 'कोका अभयारण्याजवळ.' मग पुढचा प्रश्न ठरलेला, 'अय्या, वाघ बघितलायस?'

परवा बघितला. मुंबईत! काळा घोडा भागातल्या एका गॅलरीत, चांगल्या पाच फुटी कॅनव्हासवर. पावसाळी रात्र, लाल सिग्नल आणि बसच्या मागे शहाण्यासारखा थांबलेला पट्टेदार वाघ. ऑइलमध्येच जमावा असा ओला, थरावर थर दिलेला रस्ता. त्यात वाघाचा केशरी आणि सिग्नलचा लाल एकमेकांत मिसळलेले. मला दीडशे शब्दांची कॉपी द्यायची होती. टॅक्सीतच पहिलं वाक्य सुचलं, 'हा वाघ म्हणजे नऊ ते सहाच्या नोकरीत अडकलेले आपण.' स्वतःवरच खूश झाले!

दुसरं वाक्यही तयार होतं. पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी करणाऱ्या आँरी रूसोने १८९१ मध्ये वादळात सापडलेला वाघ रंगवला, तोही फ्रान्सबाहेर पाऊल न टाकता. त्याचं जंगल म्हणजे पॅरिसचं बोटॅनिकल गार्डन. थोडक्यात काय, ऑफिसातल्या माणसाला एक वाघ लागतोच.

रात्री साडेअकराला घरी फोन लावला. 'बाबा झोपले?'

'मोटर चालू कराले गेले वावरात. या हप्त्यात रातची लाईन हाय ना. उन्हाळी धानाले पाणी नोको?'

'एकटेच?'

'टार्च हाय. मोबाईलवर गाणे लावून जातेत. जनावराले आवाज गेला पायजे.' मीठ संपलंय, अशा सुरात आई हे सांगत होती.

मी फोन ठेवलाच नाही. काहीबाही बोलत राहिले. पावणेएकला पलीकडून फाटक वाजलं, तेव्हा कुठे श्वास सोडला. समोर लॅपटॉपवर माझं ते चटपटीत वाक्य उघडं होतं. लाज वाटली.

मग जय आठवला. नागझिऱ्यातून निघून २०१३ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पोचलेला आमच्याकडचा हीरो. वाटेत शेतं, गावं, रस्ते. पुढे त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर आली, तरी एप्रिल २०१६ नंतर तो दिसलाच नाही. रस्ता ओलांडताना तो कशाचंही प्रतीक नव्हता. त्याला फक्त पलीकडे जायचं होतं. मुंबईत तरी वेगळं काय? आरेतल्या वस्तीच्या गल्लीतून जाणारा बिबट्या नयन खानोलकरांनी कॅमेऱ्यात पकडला आणि २०१६ च्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी विभागात तो फोटो पहिला आला. तो बिबट्याही आपल्या वाटेनेच चालला होता. गल्ली मध्ये आली होती.

सकाळी पुन्हा गॅलरीत गेले. या वेळी वाघ सोडून बस बघितली. मागच्या खिडकीत एक माणूस पेंगत होता, वाघाकडे पाठ करून. चित्रकाराने त्या मानेवर केवढी मेहनत घेतली होती! काल मला तो दिसलाच नव्हता. पहिलं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'या चित्रातल्या दोघांनाही घरी जायचंय.'

संध्याकाळी बाबांना चित्राचं वर्णन केलं. ते हसले. म्हणाले, 'बाई, चित्रातल्या वाघाचं बरं हाय. तो सिग्नल तरी पायते.'